केराबाईच्या नावाची चिठ्ठी

दिपालीच्या एम.ए.च्या प्रकल्पाचं नाव एवढं लांबलचक होतं की विजयमालाला पहिल्यांदा ऐकून ते उमगलंच नाही. ‘क्रांतीतून जन्मलेलं नवं प्रजासत्ताक राजकीयदृष्ट्या स्थिर राहू शकतं का?’ पुढे एक आडवी रेघ, आणि मग ‘सोलापुरातील महिला कामगारांच्या एका शेडचा अभ्यास’.

“शेड म्हणजे आपली शेड?” विजयमालाने विचारलं. तव्यावर भाकरी होती, त्यामुळे तिने मागे वळून पाहिलं नाही.

“मग कुणाची? सरांना लई आवडलं. म्हणाले, फ्रान्सवर सगळेच लिहितात, तू तुझ्या घरातलं लिही.”

“घरातलं कशाला चव्हाट्यावर?”

“चव्हाट्यावर नाही आई, विद्यापीठात.”

“एकच आहे ते,” बाहेरच्या खोलीतून पेपरामागून दिपालीचे वडील सिद्धराम म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून त्यांचं बोलणं बहुतेक पेपरामागूनच येत असे.

दिपालीने फोन परातीशेजारी उभा करून ठेवला. “बोल आता. मल्लप्पा मुकादमाला घालवलं ते सगळे सांगतात. मला त्याच्या नंतरचं पाहिजे. अशा किती शेडी निघाल्या आणि वर्षात बंद पडल्या. तुमची कशी टिकली?”

“फोन लांब घे, पीठ उडंल,” विजयमाला म्हणाली, आणि भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला लागलं.

विजयमालाचं माहेर वैरागचं. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता चोपन्नची आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं तिने अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात काढली. ती दहावी पास होती, म्हणजे तिथल्या बायकांत वकीलच. रेशनकार्डाचा अर्ज, पोराच्या दाखल्याचा अर्ज, नवऱ्याने दुसरी केली तर पोलीस चौकीतला अर्ज, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. बायका तिला अक्का म्हणत आणि ती लिहिते ते खरं असतं असं धरून चालत.

मल्लप्पा मुकादमाच्या हाताखाली त्या सगळ्या होत्या. पंख्याखाली कोण बसणार, सुट्टी कुणाला, काम कुणाला, हे तो ठरवायचा. त्याचं काही वाटून घेणं बायकांनी केव्हाच सोडलं होतं. पण संडासाची किल्ली तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. जायचं तर त्याच्यासमोर उभं राहून मागायची. तो हातातलं काम संपवून द्यायचा, कधी हसून, कधी “आत्ताच गेलतीस की” म्हणून. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दुपारी रुक्साना उठली. किल्ली मागायला मुकादमाकडे न जाता तिने मशिनीचं लोखंडी चाक काढलं आणि कुलपावर घातलं. तीन घावांत कुलूप तुटलं. मग तीस जणी उठल्या आणि रस्त्यावर येऊन बसल्या.

नऊ जणी उठल्या नाहीत. बाहेर घोषणा चालल्या होत्या आणि त्या आत खाली मान घालून कडा मारत होत्या.

मल्लप्पा दारात उभा राहून म्हणाला होता, “बसा, बसा. सोलापूरचं राज्य चार दिवसांचं असतंय. इंग्रजाच्या वक्ताला बी चारच दिवस टिकलं हुतं.”

सन तीसमध्ये इथून इंग्रजांचे पोलीस पळाले होते, चार दिवस शहर लोकांनीच चालवलं आणि मग मार्शल लॉ आला, हे सोलापुरात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. बाकीच्या जणी मल्लप्पाच्या बोलण्यावर हसल्या. विजयमालाच्या मनात मात्र ते रुतून बसलं. पुढे जुन्या मशिनी मिळवल्या, गल्लीच्या टोकाची बंद पडलेली शेड भाड्याने घेतली, एका व्यापाऱ्याचं काम मिळालं, तरी रोज सकाळी शटर वर ढकलताना तिला वाटायचं, आज चौथा दिवस तर नाही?

दिवाळीनंतर मल्लप्पाचा ठेका गेला आणि त्या नऊ जणी काम मागत दारात आल्या. विजयमालाने त्यांना आत घेतलं. रुक्साना सगळ्यांदेखत बोलली, “कुलूप तुटलं तवा ह्या आत बसून शिवत होत्या. आज आयत्या पंख्याखाली बसनार?” बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून शेडीत दोन चहा व्हायला लागले.

कारभार कोण बघणार, हा प्रश्न होताच. मतं टाकली तर शेडीचे दोन तुकडे पडणार हे उघड होतं. तोडगा विजयमालानेच काढला. दर सव्वीस जानेवारीला चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं नाव निघेल ती वर्षभर कारभारीण, तिचा शब्द शेवटचा. एकदा झाली की पुन्हा तिची चिठ्ठी नाही. “आणि माझं नाव घालायचं नाही,” ती म्हणाली होती. “मी सुरू केलं म्हणून मीच चालवायचं, असं नको.” बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिलाही स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं.

पहिल्या सव्वीस जानेवारीला चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या. पितळी तांब्यात घालून हलवल्या. काढायला केराबाईंना बोलावलं, कारण त्या सगळ्यांत थोरल्या, सांगोल्याकडच्या, जन्मभर मेंढरं राखलेल्या, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणजे लबाडीचा संशयच नको. केराबाईंनी डोळे मिटून एक चिठ्ठी काढली आणि विजयमालाच्या हातात दिली.

चिठ्ठीवर ‘रुक्साना’ लिहिलं होतं.

विजयमालाला त्या क्षणी काय काय दिसलं ते तिने पुढे स्वतःशी पुष्कळदा उगाळलं. रुक्साना कारभारीण होते. पहिल्या दिवशी त्या नऊ जणींना काढते. त्यांच्या नात्यागोत्याच्या चार-पाच जणी त्यांच्यामागे जातात. कामाचा माल वेळेत जात नाही, व्यापारी तुटतो, शटर खाली येतं, आणि मल्लप्पा पानटपरीवर उभा राहून म्हणतो, बोललो न्हवतो? एवढं सगळं तिला एका श्वासात दिसलं, आणि दुसऱ्या श्वासात ती म्हणाली, “केराबाई.”

“अगं बया,” केराबाई म्हणाल्या. “मला मेलीला कशाला? मी आंगठा लावनारी.”

“आजीनं सोताच सोताला काढलं की,” कुणीतरी म्हणालं आणि सगळी शेड हसली. रुक्सानाही हसली. तिनेच पहिला हार केराबाईंच्या गळ्यात घातला. चिठ्ठी बघायला कुणी मागितली नाही. अक्कानं वाचली म्हणजे वाचली. विजयमालाने ती मुठीत धरून ठेवली आणि घरी आल्यावर पाण्याच्या बंबात टाकली.

आणि केराबाईंचं वर्ष चांगलं गेलं, हे तर तिला कुणापाशी बोलताही येत नव्हतं. पहिल्याच सोमवारी केराबाईंनी मशिनींची जागा बदलली. त्या नऊ जणी एका भिंतीला एकत्र बसायच्या, त्यांना उठवून एकेकीला कुलूप तोडणाऱ्या दोघींच्या मधे बसवलं. “इकत आनलेलं मेंढरू कळपाच्या कडंला बांधायचं न्हाय,” त्या म्हणाल्या. “कडंला बांधलं की त्ये पळतंय न्हायतर लांडगा नेतोय. मधी बांधायचं, म्हंजी एकमेकीचा वास लागतो.” आधी धुसफूस झाली. पण शेजारणीची बॉबीन अडकली की हात पुढे करावाच लागतो. पाडव्यापर्यंत चहा एक झाला. त्याच वर्षी केराबाई सही करायला शिकल्या. घरी सून त्यांना आधी जेवायला वाढू लागली. “देवानं मला नावानं हाक मारली,” त्या सांगत, “न्हायतर येवढ्या पोरींत माझंच कसं निगंल?”

पुढच्या दोन वर्षी विजयमालाने जे निघालं तेच वाचलं. रुक्सानाचं नाव काही आलं नाही. दर वर्षी तांब्यात हात गेला की विजयमाला मनात देवाला म्हणायची, हिचंच येऊ दे, म्हणजे फिटेल. देवाने ऐकलं नाही.

“तर मुख्य मुद्दा चिठ्ठीचा,” दिपाली त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर लिहिता लिहिता म्हणाली. “ऐक हं. ‘सत्ता कोणाकडे जाईल हे कोणाच्याच हातात नसल्यामुळे पराभूत असा कोणी उरत नाही. म्हणून ही व्यवस्था स्थिर राहिली.’ बरोबर?”

“मला काय कळतं त्यातलं?”

“तूच तर केलंयस हे, आई.” ती कौतुकाने म्हणाली.

रविवारी दिपालीने रुक्सानाला घरी बोलावलं. रुक्साना बेचाळीस वर्षांची, नवरा मुबीन टेम्पो चालवतो, घरात सासू आणि दोन धाकट्या मुली. बोलायला लागली की हात थांबत नाहीत. विजयमालाने पोहे टाकले आणि ओट्याशीच उभी राहिली.

“मावशी, समजा पहिल्याच वर्षी तुमचं नाव निघालं असतं,” दिपालीने विचारलं. “तुम्ही त्या नऊ जणींच्या विरोधात होता. काढलं असतं त्यांना?”

रुक्साना हसली. “तुझ्या आईला बी हेच वाटत असंल. न्हाय गं. मी ठरवून आलते. आदल्या दिवशी सासूबाईंनी इचारलंच मला, तुझं नाव निघालं तर करशील काय? मी बोल्ले, संडासाची किल्ली त्या नऊ जणींतल्या एकीच्या हातात देनार. जा म्हननार, आता तू संभाळ. कुनी मागू नये, दाराला लटकवून ठेव.”

“पण तुम्ही तर सगळ्यांसमोर—”

“बोल्ले ना. बोलायचंच होतं. पोटात ठेवलं असतं तर नासलं असतं. पर बोलनं येगळं, कारभार येगळा. बायांना बाहेर ठेवायचं काम मल्लप्पाचं. तेच करायचं तर कुलूप कशाला तोडलं?” मग ती स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, “अक्का, पोहे करपले काय? वास येतोय.”

पोहे खरंच लागले होते. विजयमालाने वरचे वरचे काढून दोघींना दिले, आणि खालचे स्वतः खाल्ले.

इतकी वर्षं तिच्यापाशी एक कारण होतं. कारण चांगलं होतं, शेडीच्या भल्याचं होतं, ते उशाशी घेऊन तिला थोडी तरी झोप लागायची. आता ते नव्हतं. तिने रुक्सानाला एकदाही विचारलं नव्हतं, तू काय करशील म्हणून. तीच कडू जीभ दुसऱ्या कुणाची असती, एखाद्या विमलची किंवा शारदाची, तर आपण विचारलं असतं का? निदान ते नाव वाचलं असतं का? हा प्रश्न तिने तीन वर्षं दाराबाहेर उभा ठेवला होता. भांडी घासताना तो आत आला. तिने तेच पातेलं दोनदा घासलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती रुक्सानाला शेडीमागे घेऊन गेली. तिथे मालाचे रिकामे खोके रचलेले होते. उभ्या उभ्याच तिने सांगितलं. गोल गोल न बोलता, जसं घडलं तसं.

रुक्सानाने खोक्यांच्या रांगेला हात टेकला. मग म्हणाली, “माझंच होतं? नीट वाचलंतं?”

“मीच लिहिलेलं. माझंच अक्षर.”

“आणि बाकीच्या दोन वर्साला?”

“नाही. त्या खऱ्या होत्या. देवाशपथ.”

“देव कशाला काढता आता मधी?” रुक्साना एका खोक्यावर बसली. “त्या साली मुबीनचा टेम्पो बंद होता. घरात माझा शब्द म्हंजे पाचोळा. मी नमाजला बसून मागितलं होतं, एकदा माझं नाव निघू दे. थोरलीचं लगीन सतराव्या वर्षी लावलं घरच्यांनी. मी कारभारीण असते तर मला इचारल्याशिवाय लावलं असतं का, कुणास ठाऊक. लावलं बी असतं.” ती हातावरचे दोरे काढत राहिली. “मला कशाला सांगितलं?”

“तुझी माफी—”

“माफी राहू दे. परवा चिठ्ठ्या हायत. त्याच्या आदी सगळ्यांना सांगा.”

विजयमालाच्या तोंडून निघून गेलं, “शेड मोडेल, रुक्साना.”

रुक्सानाने वर पाहिलं. आठ वर्षांत ती पहिल्यांदा विजयमालाशी एकेरीत बोलली. “बघ. परत तेच. टिकतंय का मोडतंय, तूच ठरवनार. आमी काय तुझी मेंढरं? आनि केराबाईला आधी सांग. चारचौघीत कळलं तर म्हातारी मरंल. त्ये बी तूच सांगायचं, मी न्हाय.”

केराबाई शेडीच्या नळावर डबा धूत होत्या. विजयमालाने सांगितलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला नाही. पाणी डब्यातून उतू जात राहिलं.

“म्हंजी देवानं न्हवं,” त्या म्हणाल्या. “तू.”

“मी. चुकलं माझं.”

“ल्योकानं कुलदेवाला जाऊन भंडारा उधळला हुता गं त्या साली. आई कारभारीन झाली म्हनून.” त्यांनी डबा पालथा केला. “मग त्यो कारभार कुनाचा? तिचा मी खाल्ला?”

“कारभार तुमचाच, आजी. तुमच्यासारखा कुणीच केला नाही.”

“त्ये तू नगं सांगू,” केराबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने हात पुसले आणि मशिनीवर जाऊन बसल्या. उरलेला दिवस त्यांनी टॉवेल शिवले, पण विजयमाला पलीकडून गेली की मान वर केली नाही.

दिपालीला तिने मंगळवारी सकाळी सांगितलं, केस विंचरता विंचरता, आरशातून. दिपालीने हातातला कप खाली ठेवला. “आई, माझं पूर्ण तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं आहे.”

“माझंही,” विजयमाला म्हणाली.

सव्वीस जानेवारीला कोपऱ्यावरच्या शाळेत झेंडावंदन झालं. बायका नव्या साड्या नेसून शेडीत आल्या. सतरंजी अंथरली होती. पितळी तांब्या मधे होता, चिठ्ठ्या अजून लिहायच्या होत्या आणि सवयीने सगळ्यांनी कोरे कागद विजयमालापुढे सरकवले. ती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं, आणि त्यातलं पहिलंच वाक्य विसरली. मग कसंबसं सांगून टाकलं. पहिल्या वर्षी रुक्सानाचं नाव निघालं होतं. मी खोटं वाचलं. मला वाटलं होतं, ती नऊ जणींना काढेल. तिला विचारलं नाही.

सगळ्यांनी आधी रुक्सानाकडे, मग केराबाईंकडे पाहिलं. मग मागून एकजण म्हणाली, “आनि पुढची दोन?”

“ती खरी.”

“आता कशावरून?”

“आमच्यापायी झालं म्हंजे,” त्या नऊ जणींतली एक म्हणाली. “आमाला काढतील म्हनून. आमी काय भीक मागितली हुती?”

“तुमच्यापायी न्हाय, अक्कापायी. तुमी कशाला अंगाला लावून घेता?” शेजारची म्हणाली.

“मल्लप्पा तोंडावर तरी करत हुता. किल्ली खिशात, दिसायची तरी.”

विजयमालाने पुढ्यातले कोरे कागद गोळा केले. ती काही बोलणार तोच रुक्साना म्हणाली, “अक्का, तुमी बाहेर बसा. तुमी हितं असलात की बाया तुमच्याकडं बघून बोलत्यात.”

विजयमालाने कुणी अडवतंय का पाहिलं. केराबाई तांब्याकडे बघत होत्या. दिपाली भिंतीला टेकून बसली होती, तिचा फोन पर्समध्ये होता. विजयमाला चपला घालून बाहेर आली आणि पायरीवर बसली.

समोरचा कारखाना सुट्टीमुळे बंद होता. रस्त्यावर कुणी नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. आधी एकेक आवाज होता, मग सगळे एकदम. मराठी, तेलुगू, मधेच रुक्सानाचं दख्खनी, रागात असली की ती त्यातच बोलायची. कुणी म्हणत होतं, चिठ्ठ्याच नकोत, हात वर करून ठरवू. कुणी म्हणत होतं, यंदा रुक्सानाला द्या, तिचं तिला. “मला दान नक्को,” रुक्साना ओरडली. कुणीतरी रडत होतं. सतरंजीवरून कुणीतरी फणकाऱ्याने उठल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि शटरखालून दोघी जणी वाकून बाहेर आल्या. तिच्याकडे न बघता त्या रस्त्याने चालू लागल्या. त्या नऊ जणींतल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी कुलपाशी उभ्या असलेल्यांतल्या होत्या.

विजयमाला उठली. आत जाऊन फक्त दोन शब्द बोलावेत. असे प्रसंग तिने दहादा निस्तरले होते, कुणाला कसं चुचकारायचं ते तिला पाठ होतं. तिने शटरला हात लावला. पत्रा उन्हाने तापायला लागला होता. आत केराबाई काहीतरी म्हणत होत्या, हळू, आणि बाकीच्या गप्प होत होत्या, की तिला तसं वाटलं, तोच पुन्हा गलका उसळला. तिने हात काढून घेतला आणि परत पायरीवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. पुन्हा बसली.

बऱ्याच वेळाने शटर गुडघाभर वर झालं आणि केराबाई वाकून बाहेर आल्या. त्यांनी नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, एक घोट प्यायल्या.

“काय ठरलं, आजी?” विजयमालाने विचारलं.

“अजून न्हाय ठरलं,” केराबाई म्हणाल्या. “तू बस हितंच.” आणि त्या परत आत गेल्या.